राजा रविवर्मा : भिंतीवरचा देव आणि देवळाबाहेरचा माणूस

आमच्या घरी बाबासाहेबांची एक जुनी तसबीर आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात आजोबा नागपूरला दीक्षेला गेले. परत आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी ती घरात लावली. चार वर्षांपूर्वी तिच्या काचेला तडा गेला म्हणून मी ती तालुक्याच्या गावी फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने मागचे खिळे उपसले, तेव्हा बाबासाहेबांच्या चित्रामागे आधाराला घातलेले आणखी एक चित्र निघाले. कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी. कडा कसरीने खाल्लेल्या, रंग मात्र अजून तजेलदार. खालच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांत ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ एवढे वाचता येत होते.

आजी तेव्हा हयात होती. तिला विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, “देव टाकला बापा, काच कायले टाकाची? काच पैसे देऊन आणली व्हती.” मग ते चित्र मागे का ठेवले? “तवा पुठ्ठा कोठं भेटे?”

आजीच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला. ज्या घरातल्या माणसांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्या घराच्या भिंतीवर लक्ष्मी आली कशी? ती पुजाऱ्याने आणून दिली नव्हती. शास्त्राने तिला आमच्याकडे येण्याची मुभा दिली नव्हती. ती एका चित्रकाराने आणि त्याच्या छापखान्याने आणली होती. म्हणून राजा रविवर्मा या चित्रकाराचे जीवन आणि कार्य आपण आपल्या बाजूने तपासले पाहिजे. आजवर ते दुसऱ्यांच्याच बाजूने तपासले गेले आहे.

प्रस्थापित कलासमीक्षेत रविवर्म्याविषयी दोन पक्ष आहेत. एक पक्ष त्याला आधुनिक भारतीय चित्रकलेचा जनक मानतो. दुसरा पक्ष आनंद कुमारस्वामी आणि बंगाल शैलीच्या पुरस्कर्त्यांचा. त्यांच्या मते रविवर्म्याची चित्रे नाटकी आहेत, पाश्चात्त्य वळणाची आहेत, त्यांत भारतीय आत्मा नाही. आणि छापखाना काढून तर त्याने कलेचा बाजार मांडला. मला हे दोन्ही पक्ष एकाच वाड्यातले भाऊबंद वाटतात. देव कसा दिसावा, हे त्यांचे भांडण आहे. तो कोणाला दिसावा आणि कोणाला दिसू नये, हा प्रश्न दोघांच्याही तोंडून येत नाही. आपला प्रश्न मात्र तोच आहे.

प्रथम हा माणूस पाहू. रविवर्म्याचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. घराणे त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिकीने बांधलेले. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रकार. वयाच्या चौदाव्या वर्षी हा मुलगा तिरुवनंतपुरमच्या दरबारात आला. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर याने त्याला विद्या देण्याचे नाकारले, असे चरित्रकार सांगतात. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय व्यक्तिचित्रकार दरबारात आला, त्यानेही शिकवले नाही. काम करताना बघू मात्र दिले. बघून बघून रविवर्मा तैलरंग शिकला. ही हकीकत लिहिताना चरित्रकारांचा गळा दाटून येतो. काहींना एकलव्यही आठवतो.

त्याच्या चिकाटीविषयी मला शंका नाही. पण एकलव्याची उपमा आपण स्वीकारू नये. बघण्याची परवानगी हीच त्या काळी केवढी मोठी मालमत्ता होती! रविवर्मा राजवाड्यात उभा राहून बघू शकत होता. त्याच संस्थानात पुलया जातीच्या मुलाला सार्वजनिक रस्त्यावरून चालण्याचीही मुभा नव्हती. एकाला गुरूने शिकवले नाही. दुसऱ्याला गुरूच्या दारापर्यंत जाणारा रस्ताच नव्हता. या दोन वंचनांची तुलना होऊ शकत नाही.

येथे मी वाचकांपुढे काही सनावळी ठेवतो. इतिहासाच्या पुस्तकांत या घटना वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, म्हणून त्या आपल्याला एकत्र दिसत नाहीत. १८४८ मध्ये रविवर्मा जन्मला. त्याच साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडली. १८७३ मध्ये केसांत फुले माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि रविवर्म्याचे नाव देशभर झाले. त्याच साली जोतीरावांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याला पुराणविषयांवरील चौदा चित्रांचे काम दिले. त्याच साली केरळात नारायण गुरूंनी अरुविप्पुरम येथे, ब्राह्मणांच्या अधिकाराला न विचारता, स्वतःच्या हाताने शिवाची स्थापना केली. १८९३ मध्ये रविवर्म्याची दहा चित्रे शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेली. त्याच साली त्रावणकोरात अय्यनकाळी बैलगाडीत बसून निषिद्ध रस्त्यावरून गेले. चित्राला समुद्र ओलांडता येत होता. माणसाला गावचा रस्ता ओलांडण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागत होती.

याचा दोष मी एकट्या रविवर्म्याच्या माथी मारत नाही. एका चित्रकाराने संस्थानाची सगळी पापे धुवावीत, अशी अपेक्षा करणे ही समीक्षा नव्हे. पण दोन्ही इतिहास एका पानावर ठेवल्याशिवाय त्याच्या चित्रांचा अर्थ लागत नाही.

आता त्याच्या कार्यातील मला मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. प्रस्थापित समीक्षक ज्याला त्याचे पाप म्हणतात, तो बाजार हेच माझ्या मते त्याचे पुण्य आहे. उमराव घराण्यातल्या माणसाने ब्रश हातात धरून मोबदल्यावर काम केले, भावाला बरोबर घेऊन गावोगाव हिंडून मागणीप्रमाणे चित्रे पुरवली. हाताने काम करणे हलके मानणाऱ्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती. १८८४ मध्ये टी. माधवराव या मुत्सद्द्याने त्याला सुचवले होते की चित्रे युरोपला पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. पुढे रविवर्म्याने स्वतःचाच छापखाना काढला. १८९४ मध्ये तो मुंबईत सुरू झाला. मुंबईत प्लेगचा कहर झाला, त्या काळात १८९९ च्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला.

हा छापखाना म्हणजे शिळाछाप. बव्हेरियातल्या खाणींतून आलेला चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट शाईने काढलेली आकृती. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाही, या साध्या गुणावर सगळे काम चाले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखालून जाई, तेव्हा कुठे लक्ष्मीच्या गालावर गुलाबी छटा येई. शेवटी वार्निश चढवले की ते तैलचित्रासारखे दिसे.

या दगडाचा एक गुण आपण लक्षात घेतला पाहिजे. तो गिऱ्हाइकाची जात विचारत नव्हता. छापील देवाला विटाळ होत नव्हता. देवळातल्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा ब्राह्मणाकडून होई, तिला गाभारा असे, गाभाऱ्याला दार असे आणि दारात पहारा असे. कागदावरच्या देवाला यातले काही नव्हते. तो जत्रेत दोरीला टांगलेला असे. पैसे टाका आणि घेऊन जा. जन्माने नाकारलेला देव पैशाने मिळू लागला. रविवर्म्याने हे आपल्यासाठी केले असे नव्हे; आपण त्याच्या मनातही नसू. पण धंद्याने ते घडवून आणले. धर्मशास्त्रापेक्षा बाजार त्या वेळी एक पाऊल पुढे होता, हे मान्य करायला आपल्याला संकोच वाटू नये.

पण तेवढ्यावर थांबलो तर आपण फसू. देव भिंतीवर आला, म्हणून देऊळ उघडले नाही. मुंबईत छापखाना सुरू झाला १८९४ मध्ये. त्रावणकोरची देवळे सर्वांना खुली झाली १२ नोव्हेंबर १९३६ रोजी. मध्ये बेचाळीस वर्षे गेली. त्या जाहीरनाम्यावर सही करणारा राजा चिथिरा तिरुनाळ हा रविवर्म्याचा पणतू, त्याच्या नातीचा मुलगा. पण दार उघडले ते घराण्याच्या पुण्याईने नव्हे. १९२४-२५ चा वैकोमचा सत्याग्रह, अय्यनकाळींची चळवळ, आणि १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला केलेल्या घोषणेनंतर त्रावणकोरच्या इझवांत पेटलेली धर्मांतराची चर्चा, यांनी ते उघडायला लावले. चित्राने जे केले नाही ते लढ्याने केले.

उलट चित्राने दुसरेच काही केले. आधी देव देवळात होता आणि आपण बाहेर होतो. त्या बाहेर असण्यात अपमान होता, पण एक मोकळीकही होती. चित्राने तो देव आपल्या झोपडीत आणला. आता आपणच त्याला रोज हळदीकुंकू लावू लागलो. पुजाऱ्याची गरज उरली नाही, पण पूजेची उरली. जी व्यवस्था आपल्याला देवळाबाहेर ठेवत होती, तिच्याच देवाला आपण विकत आणून घरात जागा दिली. छपाईच्या कलेचे दोन उपयोग त्या काळात झाले. जोतीरावांनी तिच्यातून प्रश्न छापला. रविवर्म्याने देव छापला. आपल्या खेड्यांत देव लवकर पोहोचला. प्रश्न पोहोचायला फार वर्षे लागली, कारण प्रश्न वाचावा लागतो आणि आपल्याला वाचू दिले नव्हते.

आता चित्रांच्या आत काय आहे ते पाहू. मी माझ्या वर्गात या चित्रांच्या प्रती दाखवल्या, तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, यात आपली बाई कुठं हाय?” मी तिच्याबरोबर पुन्हा सगळी चित्रे पाहिली. शकुंतला, दमयंती, लक्ष्मी, सरस्वती. गोऱ्या, भरल्या अंगाच्या, जरीच्या साड्यांतल्या. देशभर हिंडून वेशभूषा पाहून रविवर्म्याने देवींना साडी नेसवली, त्यात आपल्या महाराष्ट्राच्या नऊवारीचाही मोठा वाटा आहे, याचे मराठी समीक्षकांना कौतुक आहे. पण ज्या त्रावणकोरात तो वाढला, तेथे अंगावर वस्त्र घेणे हाच जातीचा प्रश्न होता. नाडार स्त्रियांनी छाती झाकली म्हणून त्यांची वस्त्रे फाडली गेली, दंगली झाल्या. १८५९ मध्ये राजाने जाहीरनामा काढून परवानगी दिली, तीही उच्च जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही, या अटीवर. रविवर्मा तेव्हा अकरा वर्षांचा होता. नायर स्त्रियांनाही वरिष्ठांसमोर खांद्यावरचे वस्त्र दूर करावे लागे, हे खरे. पण पुलया स्त्रियांना गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा फेकून देण्यासाठी १९१५ पर्यंत वाट पाहावी लागली आणि तेव्हाही त्यांच्या वस्तीवर हल्ले झाले. भारतातल्या देवीने पदर कसा घ्यावा हे ज्या चित्रकाराने ठरवले, त्याच्या चित्रांत पदरासाठी मार खाणारी बाई नाही.

श्रमाची माणसे त्याने अजिबात रंगवली नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. रस्त्याकडेला बसलेले भटके कुटुंब त्याच्या एका चित्रात आहे. देवळापाशी भिक्षा देणारी स्त्रीही आहे. पण तेथेही चित्राची नायिका देणारी आहे. घेणाऱ्यांनी फक्त तिच्या दयेला जागा करून दिली आहे. मत्स्यगंधेचे चित्र पाहा. ही कोळ्याची पोर, नाव वल्हवून पोट भरणारी. पण चित्रात ती येते ती शंतनू राजाचे मन तिच्यावर बसले म्हणून. तिच्या हातावर वल्ह्याचे घट्टे असतील, हे त्या चित्रकाराच्या कुंचल्याला सुचत नाही. पुढे त्याच्या छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्या कथेतही चांडाळ येतो तो राजा किती खाली घसरला हे दाखवण्यापुरताच. भिंतीवरचे चित्र पडद्यावर हलू लागले, पण आपली जागा हलली नाही.

रविवर्म्याच्या कामाचा दुसरा मोठा भाग म्हणजे व्यक्तिचित्रे. राजे, दिवाण, गव्हर्नर. येथे त्याचा हात खरोखर पक्का आहे. कापडाची सळ, दागिन्याची चमक, डोळ्यांतली जरब तो अचूक पकडतो. पण व्यक्तिचित्र म्हणजे काय? तो चेहऱ्याचा सातबारा आहे. मी होतो, माझे नाव हे, माझा चेहरा असा होता, याचा तो दाखला. ज्याच्याकडे जमीन होती त्याच्याकडेच हा दाखलाही होता. माझ्या पणजोबांचा चेहरा कसा होता, हे आज कोणालाही सांगता येत नाही. आजोबांचा एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा. तो मोठा करून घेतला तेव्हा ठिपक्यांशिवाय काही दिसले नाही. आपल्या पिढ्यानपिढ्या बिनचेहऱ्याने गेल्या. चौदाव्या वर्षी राजवाड्यात ब्रश धरणाऱ्या मुलाला हे दुःख कळण्याचे कारण नव्हते.

गेल्या वर्षी मी मळवलीला गेलो होतो. छापखान्याच्या आठवणीने गेलो आणि पावले कार्ल्याच्या डोंगराकडे वळली. तेथे दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध चैत्यगृह आहे. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत सुतार आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा गंधी आहे, व्यापारी आहेत. कष्टाच्या माणसाचे नाव दगडावर राहिले. त्याच डोंगराच्या पायथ्याशी रविवर्म्याच्या छापखान्यात जर्मनीहून आलेले दगड घासणारी, शाई लावणारी, यंत्र ओढणारी माणसे होती. चित्राच्या पट्टीवर चित्रकाराचे नाव आहे, छापखान्याचे नाव आहे. या माणसांपैकी कोणाचेही नाव नाही. छापखाना पुढे कर्जात बुडाला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी वारला. पण देव छापले जातच राहिले.

हे सगळे लिहून झाल्यावर माझ्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो रविवर्म्याचा नाही, आपला आहे. १९५६ नंतर आपण भिंतीवरचे देव उतरवले. तेथे बुद्ध आणि बाबासाहेब आले. ही केवळ चित्रांची अदलाबदल नव्हती. आपल्या भिंतीवर प्रथमच आपल्यातल्या माणसाचा चेहरा आला. कोट घातलेला, हातात पुस्तक घेतलेला. ज्या सयाजीरावांनी रविवर्म्याला पुराणे रंगवायला लावली, त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये हा माणूस अमेरिकेला शिकायला गेला होता. स्वस्त छपाईचे तंत्र आपण आपल्या कामी लावले. बिनचेहऱ्याच्या समाजाला चेहरा मिळाला. या घटनेचे मोल कोणत्याही दालनातल्या तैलचित्रापेक्षा मी अधिक मानतो.

पण आज आपल्या वस्त्यांत जी चित्रे विकली जातात ती नीट पाहा. बुद्धाचा रंग दिवसेंदिवस गोरा होत चालला आहे. बाबासाहेबांच्या डोक्यामागे तेजोवलय आले आहे. रमाईच्या चेहऱ्यावरची उपासमार पुसून तिला लक्ष्मीचे गाल दिले आहेत. शेण झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या लुगड्यावर जर आली आहे. हे कोणाचे वळण? चौकट जुनी, काच जुनी, आणि आमच्या घरात निघाली तशी मागे टेकू द्यायलाही तीच लक्ष्मी! आपण देव काढला, पण देव पाहण्याची नजर काढली का? राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो इशारा देणाऱ्यालाच आपण उदबत्ती ओवाळतो आणि त्यांचे पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, लोकांना श्रद्धेचा आधार लागतो, तो काढून घेऊ नका. मला हे म्हणणे हसण्यावारी न्यायचे नाही. माझी आजी वाचू शकत नव्हती. तिच्यासाठी तो फोटो हेच पुस्तक होते. ती त्याच्याकडे पाहून नातवंडांना शाळेत धाडत होती. त्या पाहण्याला मी आंधळी भक्ती म्हणणार नाही. पण मी वाचू शकतो. माझ्यासारख्या शिकलेल्याने नुसता हार घालून निघून जाणे, ही आजीची श्रद्धा नव्हे. तो आळस आहे.

नारायण गुरूंनी १८८८ मध्ये दगड स्थापिला. पुढे १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्याच साली, त्यांनी कळवंकोडच्या देवळात मूर्तीच्या जागी आरसा बसवला. आलेल्या माणसाला तेथे स्वतःचा चेहरा दिसे. रविवर्म्यापासून निघालेल्या रस्त्याला हा एक फाटा आहे, आणि आपण तो घ्यावा असे मला वाटते.

आपले विद्यार्थी आज चित्रकला महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांना माझी विनंती आहे. बाबासाहेबांचे आणखी एक चित्र काढण्याआधी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे बसा. त्यांच्या सुरकुत्या, भेगा, घट्टे जसे आहेत तसे काढा. गोरे करू नका, वलय घालू नका. खाली त्यांचे पूर्ण नाव आणि गाव लिहा. आणि ती चित्रे विहारात बाबासाहेबांच्या शेजारी लावा.

आमची तसबीर मी नवी काच घालून परत लावली आहे. मागे आता पुठ्ठा आहे. लक्ष्मीचे चित्र मी टाकलेले नाही. वर्गात दाखवण्यासाठी ते फायलीत ठेवले आहे. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. त्या मुलीने, जिने वर्गात प्रश्न विचारला होता, पेन्सिलीने आजीचे एक चित्र काढून दिले होते. नाक थोडे चुकले आहे, पण हात अगदी तिचेच आहेत. तेही आता त्याच भिंतीवर आहे.